आवटी अण्णांचा डावा कान

“टोचतंय,” आवटी अण्णा म्हणाले.

“कुठं टोचतंय?”

“आँ?”

“कुठं टोचतंय?” मी ओरडले. बाहेर बाकांवर बसलेली माणसं माना वळवून आत बघायला लागली.

अण्णांनी डाव्या कानाभोवती बोट फिरवलं आणि जरा विचार करून ते वरच्या बाजूला टेकवलं. “हितं. वरच्या अंगाला.”

“मागच्या वेळी खाली टोचत होतं.”

“आँ?”

“मागच्या वेळी खाली!”

“ते गेलं. आता वर आलंय.” गुडघ्यातला वात सरकावा तसं ते सांगत होते. बाहेरच्या बाकावरच्या एका बाईनं मान डोलावली. “असतं असं,” ती म्हणाली, “आमच्या ह्यांचं कवळीचं असंच झालं हुतं.”

ही मिरजेतली गोष्ट आहे, बरीच वर्षं झाली तिला. कॉम्प्युटरवर आकार घडवायचं शिकून मी आधी कोल्हापूरच्या एका कारखान्यात मिक्सरच्या भांड्यांच्या मुठी काढत होते. तिथून चौगुले सरांच्या कानाच्या क्लिनिकमध्ये आले. माझ्याबरोबर शिकलेल्या मुली पुण्यात गाड्यांची बॉनेटं काढायच्या. त्यांना फोनवर “कान काढते” म्हणून सांगितलं की पलीकडे आधी शांतता आणि मग हसू. सांगायची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

पण काम सोपं नव्हतं. बहिरेपणाचं यंत्र कानात नीट बसायला त्या त्या माणसाच्या कानाचा मोल्ड लागतो. सर पेशंटच्या कानात गुलाबी लगदा भरायचे, तो घट्ट झाला की काढून माझ्याकडे द्यायचे. मी त्याचं स्कॅन करायची आणि तो कान स्क्रीनवर यायचा, खरबरीत, सुरकुतलेला, खाचाखोचांचा. मिक्सरची मूठ म्हणजे दोन-चार वळणं. कानात एक रेघ सरळ नसते, आणि एका माणसाचे दोन कानसुद्धा सारखे नसतात. त्या खडबडीतपणातून कानाचं खरं वळण शोधायचं, कडा घासायच्या, एक वळण दुसऱ्यात कळू न देता मिसळायचं. गुळगुळीत तर करायचं, पण गोटा होऊ द्यायचा नाही. गोटा झाला की मोल्ड सैल बसतो, कडेनं आवाज गळतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं.

माझ्याआधी सरांचे मोल्ड मुंबईहून करून यायचे. सर कानाचे तज्ज्ञ, पण स्वतः इतकं हळू बोलायचे की पेशंटला वाटायचं, आपलं बहिरेपण वाढलं. आवटी अण्णांचा मोल्ड तिसऱ्यांदा परत आला तेव्हा सरांनी मला आत बोलावलं.

“मगदूम,” ते पुटपुटले, “एकच मोल्ड असा सारखा करायचा असेल तर आपली मुंबईच बरी होती, नाही का?”

ओरडणारा साहेब परवडला. हळू बोलणाऱ्याचं वाक्य घरापर्यंत येतं. त्यात पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला होता. गाडीच्या मडगार्डांचं काम होतं, पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाले होते. पण कानात हरले म्हणून मडगार्डाकडे पळून जायचं, हे काही मनाला पटेना.

अण्णा बेडगचे. नाव भूपाल आवटी. सारी हयात पिठाच्या गिरणीत गेली. गिरणीच्या घरघरीनं उजवा कान पुरता खाल्ला होता, डाव्यात थोडी धुगधुगी होती. पांढरी टोपी, पांढरं धोतर, आणि चेहरा असा निष्पाप की देवळात बसवावा. मुलगा सन्मती मिरजेतच एका पतसंस्थेत होता. तो जाताना वडिलांना दारात सोडायचा आणि जेवणाच्या सुटीत घेऊन जायचा. मधल्या वेळात अण्णा माझ्या खोलीत.

त्या दिवशी मी त्यांना स्क्रीनसमोरच बसवलं.

“हा बघा तुमचा कान!”

अण्णा पुढे वाकले. “एवढा? हत्तीचा वाटतोय.”

मी कान फिरवून दाखवला. मग एक बटण दाबलं आणि कानावर काळे-पांढरे पट्टे उमटले.

“आणि ह्ये वाघाचे पट्टे कशाला काढलेस माझ्या कानावर?”

“झेब्र्याचे, अण्णा! पट्टा कुठं तुटला, कुठं वाकडा झाला, तर तिथं उंचवटा आहे असं समजायचं. बघा, एक तरी पट्टा तुटलाय का?”

अण्णांनी चष्मा वर करून सगळे पट्टे मन लावून बघितले. मग समाधानानं म्हणाले, “कान झकास केलायस गं पोरी. पण टोचतंय.”

ते गेल्यावर मी पुन्हा सगळं तपासलं. पट्टे अखंड. लगद्याचं स्कॅन आणि माझा मोल्ड एकावर एक ठेवून बघितले, कुठं केसभर फरक नाही. आणि मग माझ्या डोक्यात एक चावट विचार आला. मी मोल्डला काहीच केलं नाही. नुसता पुसला, नव्या डबीत घातला आणि पुढच्या खेपेला अण्णांच्या हातात ठेवला.

“नवा केलाय, अण्णा! पूर्ण नवा!”

अण्णांनी कानात घातला, डोळे मिटले, जीभ गालात फिरवली. “हां. आता वरचं गेलं.”

“गेलं ना?”

“गेलं. आता मागनं टोचतंय.”

“देते घासून,” म्हणून मी मोल्ड आत नेला. पर्समधून काजळाची डबी काढली आणि मोल्डच्या मागच्या बाजूला, सहज दिसू नये असा काजळाचा बारीक हात फिरवला. कानात घातला की काजळ पुसणार, आणि कुठं जास्त पुसलं त्यावरून कुठं घासतंय ते कळणार. मग मोल्ड माझ्या हातानं डबीत ठेवला. “घरी घाला! सोमवारी या!”

सोमवारी अण्णा आले. “घातलं होतं का?” मी ओरडून विचारलं.

“घातलं की! सकाळपासनं रात्रीपर्यंत. जीव नकोसा झाला.”

डबी उघडली. काजळ होतं तिथं होतं. माझ्या बोटाचा ठसासुद्धा पुसलेला नव्हता.

मी काजळ पुसलं, मोल्ड स्वतः अण्णांच्या कानात नीट बसवला, यंत्र चालू केलं. दार लावून घेतलं. मग त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि शेजारणीशी कुजबुजावं इतक्या हलक्या आवाजात म्हणाले, “अण्णा, तुमच्या टोपीवर पाल.”

अण्णांनी टोपी अशी भिरकावली की ती प्रिंटरच्या मागे जाऊन पडली. दोन्ही हातांनी टक्कल झाडत ते उभे राहिले. मग हात थांबले. त्यांनी टोपीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी सावकाश खाली बसत म्हणाले, “आँ?”

“आता आँ नाही नि बिं नाही,” मी म्हणाले. “तुम्हाला सगळं ऐकू येतंय. टोचत तर मुळीच नाही.”

मी प्रिंटरमागून टोपी काढून त्यांच्या हातात दिली. ती झटकत झटकत त्यांनी दाराकडे बघितलं.

“सन्मतीला सांगणार?”

“आधी मला सांगा. का चालवलंय हे? माझी नोकरी चाललीय तुमच्या पायी.”

“नोकरी?” त्यांचा चेहरा खरंच उतरला. “ते काय ध्यानात न्हाई आलं बग.” थोडा वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत बसले. मग आवाज उतरवून बोलायला लागले. आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत होतं, म्हणून असेल.

“आमचं घर मोठं. आई-बाप, चुलते, त्यांची पोरं. दिवसाउजेडी बायकोशी बोलायची रीतच न्हवती. बोललं की कुणीतरी खाकरायचं. दुपारी ती गिरणीत भाकरी घिऊन यायची. तिथं घरचं कुणी नसायचं, पण गिरणी असायची. पट्टा बंद करावा तर गिऱ्हाईक बोंबलतंय. मग ती आपली कानाशी यायची. ह्या कानाशी.” त्यांनी डाव्या कानाला हात लावला. “तोंड लावून बोलायची. मी बी तसाच बोलायचो.”

“काय बोलायच्या?”

“काय बोलणार? आमटीत मीठ जास्त पडलंय. म्हस आटली. असलंच.” अण्णा हसले. “पण कानात सांगितलं की म्हशीचं आटणंबी ग्वाड वाटतंय गं.”

मी खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या अंगाला बसले.

“गिरणी विकली. कान गेले. म्हटलं, बरंच झालं. ती अजून येती. स्वैपाकघरातनं उठून येती, वाकती आणि कानात सांगती, ‘जेवायला चला.’ आणि तू पहिल्यांदा हे यंत्र दिलंस ना, त्या दिवशी घरी घालून बसलो. तर तिनं तिकडनंच आवाज दिला, ‘वाढलंय.’ झालं! वाढलंय म्हणं. सबंध दिवस इकडं फिरकली न्हाई. संध्याकाळी यंत्र काढलं आणि म्हटलं, टोचतंय.”

मग ते माझ्याकडे झुकले. चेहरा पुन्हा देवळातला. “तू असं कर. डाक्टरांना सांग, म्हाताऱ्याचा कानच वाकडा हाय.”

“तुमचा कान सरळ आहे, अण्णा. वाकडं तुमचं डोकं आहे.”

“मग असं कर. भायेर घातलं की बसंल आणि घरात घातलं की टोचंल, असं काय त्या मशिनीत करता येतंय का?”

हसू आवरलं नाही मला. पण ते म्हणाले, “कुणाला सांगणार न्हाईस, शप्पत घे,” तेव्हा मी घेतली. “सांगणार नाही,” म्हणाले. “गुरुवारी सगळ्यांना घेऊन या. काहीतरी करते.” काय करणार होते, ते मलाही माहीत नव्हतं. एकदा वाटलं, सरांना सांगून टाकावं की या कानाला मोल्ड बसत नाही. कुणाचं काय जाणार होतं? माझंच काय ते.

गुरुवारी सन्मती आई-वडिलांना घेऊन आला. पद्माक्कांना मी पहिल्यांदा बघत होते. बुटक्या, गोऱ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. जिना चढून आल्यानं दम लागला होता. सर अण्णांना तपासत होते तोवर मी अक्कांना माझ्या खोलीत खुर्ची दिली. बसताना त्यांच्या तोंडून “आई गं” निघालं.

“गुडघे?”

“गुडघ्यांचं काय विचारतीस. बसलं की उठवत न्हाई, उठलं की बसवत न्हाई. आणि यांचं सारखं आपलं ‘काय म्हणालीस?’ मग उठा, जावा, वाका, कानात सांगा. परत येऊन चुलीपुढं बसते न बसते तोवर, ‘कधी म्हणालीस?’”

“मग अण्णांना सांगितलं का, त्रास होतो म्हणून?”

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अचाटच विचारलं. “एवढं कानाशी जायचं आणि तिथं जाऊन गुडघ्याचं रडगाणं गायचं? कानात सांगायची गोष्ट हाय का ती?”

तेवढ्यात सर आत आले. त्यांच्यामागून सन्मती, आणि सन्मतीमागून हातात डबी धरून अण्णा. सर म्हणाले, “त्यांचं म्हणणं, अजून टोचतं.” सन्मतीनं कपाळाला हात लावला.

“सर, एकदा घरच्या माणसाच्या आवाजावर बघूया का?” मी म्हणाले. “अण्णांना भिंतीकडे तोंड करून बसवूया. ओठ बघून ओळखायला नको.”

सरांनी मान हलवली. मी अण्णांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, मोल्ड कानात घातला, यंत्र चालू केलं आणि ते नीट करायचं निमित्त करून कुजबुजले, “काही झालं तरी ऐकू येत नाही असंच दाखवायचं. मी तुमच्या बाजूची.”

अण्णांनी माझा हात हळूच दाबला. बिचारे.

मग मी मागे दारापाशी अक्कांच्या शेजारी येऊन बसले. हाताची घडी घालून पंधरा-वीस क्षण नुसतीच बसले. शेवटी अक्काच म्हणाल्या, “काय बोलू?”

“त्यांना काय ऐकू येतंय,” मी म्हणाले. “काहीही बोला. मघाशी गुडघ्यांचं सांगत होता ना, तेच सांगा. सन्मतीदादांनाही कळू दे.”

आणि अक्कांना वाटच मिळाली. दिवसातून कितीदा उठावं लागतं, चुलीपाशी भिंत धरून कसं उठावं लागतं, झोपताना तेल चोळताना कळ कशी मस्तकात जाते. “रोज कण्हते. यांना काय पत्ता. शेजारच्या खाटंवर घोरतात.” सन्मती म्हणाला, “आई, मी किती वेळा सांगितलं, लांबूनच ओरडत जा.”

“मी न्हाई ओरडायची. गिरणीत एवढा दणका असायचा, तिथं सुदिक ओरडले न्हाई कधी. आता म्हातारपणी नवऱ्यावर ओरडू?”

भिंतीकडे तोंड केलेली टोपी हळूहळू खाली वाकत चालली होती. अण्णांचा चेहरा दिसत नव्हता. डावा कान तेवढा दिसत होता. त्या कानाची प्रत्येक रेघ मला पाठ होती, पण इतका लाल मी तो कधी बघितला नव्हता. तरी गडी बोलला नाही. मी त्यांच्या बाजूची आहे म्हणून सांगितलं होतं ना.

मला वाटलं, आपण हरलो.

“आणि गिरणीत तरी काय सुख हुतं,” अक्का पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. “यांच्या कानात ही एवढं पीठ बसलेलं असायचं. तोंड जवळ नेलं की माझ्या तोंडात. जोंधळ्याचं, गव्हाचं. डाळीचं असलं की ठसका लागायचा. इतकी वर्षं नवऱ्याच्या कानातलं पीठ खाल्लंय मी.”

“आणि सांगायचं न्हाईस व्हय!” भिंतीकडून गर्जना झाली. अण्णा खुर्चीसकट वळले होते. “पुसला असता की कान! इतकी वर्षं? एकदा तरी बोलायचं हुतंस!”

सन्मतीचं तोंड उघडंच राहिलं. चौगुले सर आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, “ऐकू आलं!”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघायचा त्यांचा प्रयत्न होता.

“आवटी,” सर परत हळू आवाजावर आले, “टोचतंय का आता?”

अण्णा बराच वेळ टोपी नीट करत राहिले. “न्हाई,” ते म्हणाले. “बसलंय.”

मग ते उठले. खोलीच्या त्या टोकापासून चालत आले, सन्मतीला हातानं बाजूला केलं आणि अक्कांच्या खुर्चीशी वाकून त्यांच्या कानाला तोंड लावलं.

“अहो!” अक्का मागे सरकल्या. “मी काय बहिरी हाय का? लोक बघतायत!”

अण्णांनी त्यांचं काही चालू दिलं नाही. काय सांगितलं ते आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. ऐकू यायची यंत्रं बनवणारी दोन माणसं आम्ही तिथं उभी होतो, पण काही उपयोग नव्हता. अक्का आधी लाजल्या, मग रागावल्या, मग पदराच्या टोकानं त्यांनी अण्णांच्या दंडावर एक फटका मारला आणि त्यांचाच हात धरून खुर्चीतून उठल्या.

जिना उतरताना सन्मती मला विचारत होता, शेवटी मोल्डमध्ये नक्की काय बदल केला. मी म्हटलं, जरा कड घासली. पुण्याच्या कंपनीला मी शुक्रवारी फोन करून नाही म्हणाले, आणि सरांनी पुन्हा मुंबईचं नाव काढलं नाही.

दोन-एक महिन्यांनी अक्का आल्या, एकट्याच. सन्मतीनं दारात सोडलं होतं. खुर्चीत टेकल्या आणि आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या, “तुला एक विचारायचं हुतं. कानात घालायचं असं काय करतीस का, की ज्यानं ऐकू कमी येतं?”

“म्हणजे? कुणासाठी?”

“माझ्यासाठीच गं! जीव खाल्लाय त्यांनी. उठून येतात नि कानाला लागतात. दूध आलं, कानात. पेपरमदी काय आलंय, कानात. काल मी पोळ्या लाटत हुते, तर येऊन कानात सांगतात, ‘पोळी करपतीया.’ मला दिसत हुतं की!”

“करून देते की,” मी म्हणाले. “आवाज अडवणारे मोल्डही करतो आम्ही. मशिनवर काम करणारी माणसं नेतात. सर बाहेर आहेत, पण लगद्याचं माप मी घेऊ शकते. दोन्ही कानांचं घेऊ?”

मी गुलाबी लगद्याच्या दोन्ही डब्या काढल्या, हात धुतले आणि लगदा मळायला घेतला. अक्का माझ्या बोटांकडे बघत होत्या. मी लगद्याची गोळी करून त्यांच्या कानापाशी नेली, तशी त्यांनी झटकन कानावर पदर ओढला.

“आज नको,” त्या म्हणाल्या आणि खुर्चीचा हात धरून उठल्या. “आज सन्मतीला घाई हाय. बघू, पुढच्या खेपेला.”

पुढची खेप काही झाली नाही.